विश्लेषण : नवी विंडोज टाकली की संगणक वेगवान होतो?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित सपोर्ट बंद केला. मग ‘विंडोज ११’ टाकल्यावर जुना संगणक वेगाने चालेल का?

गरज किती वाढली?
‘विंडोज १०’च्या ६४ बिट आवृत्तीसाठी किमान २ जीबी रॅम लागत असे. ‘विंडोज ११’ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोअरेज आणि ‘टीपीएम २.०’ लागते. टीपीएम सुरक्षेसाठी आहे, वेगासाठी नाही.

फायदा कोणाला?
इंटेलच्या १२व्या पिढीपासून अनेक प्रोसेसरमध्ये वेगवान आणि वीज वाचवणारे असे दोन प्रकारचे कोअर असतात. त्यांच्यात कामाची वाटणी ‘विंडोज ११’ अधिक चांगली करते. जुन्या प्रोसेसरना त्याचा उपयोग नाही.

ग्राफिक्स ड्रायव्हरचे काय?
नव्या ड्रायव्हरमुळे नव्या गेममधील अडचणी सुटतात, काही गेम अधिक सुरळीत चालतात. मात्र ग्राफिक्स कार्डाची मूळ ताकद तेवढीच राहते.

मग खर्च कशावर करावा?
जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास संगणक सुरू होण्याचा वेळ स्पष्टपणे घटतो. रॅम अपुरी असेल तर ती वाढवावी. नवी विंडोज घ्यायची ती सुरक्षेसाठी; वेगासाठी आधी संगणकाचे सुटे भाग पाहावेत.