बटण दाबा, पण बघून!

डेडलाइन आणि भूक नेहमी एकाच वेळी येतात, आणि जिंकते डेडलाइनच. मग काय, वडापाव, नाहीतर लॉबीतल्या मशीनमधलं चिप्सचं पाकीट आणि वर कोल्ड्रिंक. तासाभरात पोटात पुन्हा कावळे. माझ्यासारख्या फ्रीलान्सरची तर आणखीच पंचाईत. आज या ऑफिसात, उद्या त्या. हक्काचं कँटीन एकही नाही. त्यामुळे ‘व्हेंडिंग मशीनमध्ये ताजं, हेल्दी जेवण’ असं कुणी म्हटलं की माझे कान टवकारतात. लगेच शंकाही येते. मशीनमधलं, आणि ताजं?

शिकागोच्या ल्यूक सॉन्डर्सने याचं उत्तर शोधलंय. त्याची सेल्समनची फिरतीची नोकरी. दिवस गाडीत जायचा आणि वाटेत पोटाला धड काही मिळायचं नाही. २०१३ मध्ये त्याने ‘फार्मर्स फ्रिज’ सुरू केलं. दिसायला व्हेंडिंग मशीनच, पण आत पारदर्शक बरण्यांमध्ये थर लावून भरलेली सॅलड्स. पुढे ही मशीन्स ऑफिसांत, विमानतळांवर आणि हॉस्पिटलांतही पोचली. मला यातलं हॉस्पिटल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रात्री दोन वाजता कँटीनला कुलूप असतं, पण नर्सची ड्यूटी चालूच असते. तिच्यासाठी हे मशीन म्हणजे फॅशन नाही, जेवण आहे.

आता यातला खरा फंडा. पदार्थ मशीन बनवत नाही, ते बनतात स्वयंपाकघरात. कुठल्या मशीनमधून काय खपलं हे नेटवर्कवरून किचनला कळतं आणि त्या अंदाजाने माल पाठवला जातो. न खपलेलं वेळेत काढून दान केलं जातं. थोडक्यात, मशीन म्हणजे नुसता काउंटर. ताजेपणा असतो तो भरणाऱ्याच्या आणि काढणाऱ्याच्या हातात.

ही आयडिया आजीच्या आजीच्या काळातली आहे, बरं का! हॉर्न अँड हार्डार्ट या कंपनीने १९०२ मध्ये फिलाडेल्फियात आणि १९१२ मध्ये न्यूयॉर्कला ‘ऑटोमॅट’ उघडलं. भिंतभर काचेच्या छोट्या खिडक्या. पाच सेंटचं नाणं टाका, मूठ फिरवा, दार उघडून पाय किंवा सँडविच घ्या. वाटायचं सगळं आपोआप होतंय, पण भिंतीमागे माणसं रिकामे कप्पे भरत उभी असायची. शेवटचं ऑटोमॅट १९९१ मध्ये बंद झालं.

आपल्याकडेही प्रयोग झालेत. २०१७ मध्ये नोएडात सुरू झालेल्या ‘दालचिनी’ने घरगुती चवीचे पदार्थ मशीनमध्ये आणले. २०२२ मध्ये बेंगळुरूच्या ‘फ्रेशॉट रोबोटिक्स’चं इडली मशीन गाजलं, ते तर तिथल्या तिथे वाफवून गरम इडली देतं, सोबत चटणी. आपली आवड बघता ही आयडिया एकदम सही! गारढोण पानं चघळण्यापेक्षा आपल्याला गरम काहीतरी लागतं.

पण सगळीच मशीन्स अशी नसतात. मागच्या उन्हाळ्यात एका बिझनेस पार्कमध्ये हिरव्यागार अक्षरांत ‘फ्रेश’ लिहिलेलं मशीन दिसलं. आत पनीर रॅप. तारीख कुठे? पाकिटाच्या मागच्या बाजूला, म्हणजे पैसे भरल्यावरच दिसणार. सिक्युरिटीच्या काकांना विचारलं, “काका, हे रोज भरतात का?”

“नाही ओ मॅडम. पोरगा येतो कधी सोमवारी, कधी गुरुवारी. लाइट गेली की बंद पडतं, आली की आपोआप चालू.”

मी गुपचूप चणे-दाणे घेतले. कारण ते ‘आपोआप चालू’ होणंच धोक्याचं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नमुना नियमावलीत यावर साफ सांगितलंय: आतलं तापमान ५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं आणि खाली येईना, तर मशीनने नाशवंत पदार्थ देणंच थांबवायचं, कुणीतरी येऊन तपासेपर्यंत. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. एप्रिलच्या उकाड्यात तीन तास बंद पडलेला फ्रिज म्हणजे बाहेरच की!

तेव्हा पुढच्या वेळी बटण दाबण्याआधी एवढं बघा:

• तापमानाचा आकडा बाहेर दिसतोय का? थंड पदार्थांसाठी ५ अंश किंवा कमी हवं.

• बनवल्याची आणि संपण्याची तारीख काचेतून किंवा स्क्रीनवर वाचता येते का?

• १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि तक्रारीसाठी फोन नंबर आहे का?

• ‘हेल्दी’ शब्द सोडा, सोडियम बघा. मोठ्या माणसाला दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण चमचाभर मिठाएवढं पुरे. सॉस आणि ड्रेसिंगमध्ये ते भसाभस जातं.

आणि तुमच्या ऑफिसात मशीन असेल तर अॅडमिनला एक मेल टाका: हे कोण भरतं, किती दिवसांनी, आणि लाइट गेल्यावर काय होतं? दोन मिनिटांचं काम आहे. नाइट शिफ्टवाल्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, बॉस!