नियम बदलला, नऊ नंबर बदलला!

दोस्तांनो, टीव्हीवर कधी रग्बीचा सामना पाहिलाय? दोन्ही संघांचे आठ-आठ धिप्पाड गडी डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात. त्याला म्हणतात स्क्रम. हातातला चेंडू पुढे निसटला, की बहुतेक वेळा स्क्रमनंच खेळ पुन्हा सुरू होतो. मोठ्या सामन्यांत या सोळा जणांचं मिळून वजन दीड टनाच्या वर भरतं! आणि या डोंगराशेजारी चेंडू घेऊन उभा असतो एक चपळ, बहुधा चणीनं लहान गडी. तोच ९ नंबरचा स्क्रमहाफ. दोन्ही फळ्यांमधल्या बोगद्यात त्यानं चेंडू टाकायचा, धावत मागे जायचं आणि आपल्या गड्यांच्या पायांतून मागे आलेला चेंडू उचलून पास द्यायचा.

वाटतं सोपं, नाही? पण नियम बदलला की या पठ्ठ्याला नवा धडा गिरवावा लागतो.

पूर्वी दोन्ही फळ्या दणकन एकमेकींवर आदळायच्या. त्यात मानेला, मणक्याला इजा होण्याची भीती. म्हणून २०१३ मध्ये नवा क्रम आला : आधी वाका, मग समोरच्याला धरा, मग भिडा. पंचांनी खूण केली की मगच चेंडू आत, आणि तोही अगदी सरळ! त्याआधी बरेच स्क्रमहाफ चेंडू तिरका आपल्याच गड्यांच्या पायांत सरकवायचे, आणि पंच काणाडोळा करायचे.

लबाडीला चाप बसला, पण नवीच पंचाईत झाली. चेंडू पायानं मागे ओढतो तो हुकर. त्यासाठी त्याला एक पाय उचलावा लागतो. समोरचे मात्र दोन्ही पाय रोवून रेटायला मोकळे! शिवाय पंचांची खूण त्यांनाही कळायची. म्हणजे चेंडू ज्याचा, त्याचाच तोटा.

यावर २०१७ मध्ये तोड निघाली. स्क्रमहाफनं खांदा मधल्या रेषेवर ठेवायचा, म्हणजे खांदाभर आपल्या बाजूला सरकून उभं राहायचं. पंचांची खूण बंद. चेंडू मात्र सरळच हवा. आता कधी टाकायचा, हे त्यानं आणि हुकरनं जुळवायचं. चेंडू लवकर आला तर पाय पोचत नाही, उशीर झाला तर समोरचे रेटून नेतात. हातचलाखी गेली, तिथं वेळेचा हिशेब आला.

आणि समोरचा ९ नंबर? तो चेंडूबरोबर मागे मागे सरकत येऊन या स्क्रमहाफला सतावायचा. १ जानेवारी २०२५ पासून जगभर प्रयोग म्हणून नियम आला, की त्यानं बोगद्याच्या मध्यापुढे जायचं नाही. चेंडू उचलणाऱ्याला क्षणभर उसंत मिळाली. अडवणाऱ्याला मात्र हिसकाहिसकी सोडून, हल्ला कुठून येणार हे ओळखायला शिकावं लागलं.

नियम एक युक्ती काढून घेतो, पण दुसरीला जागाही करून देतो. जुन्या युक्तीसाठी रडत बसला, तो मागे पडला!

आता एक गंमत करा. एका पायावर उभे राहा, मित्राला समोरून चेंडू घरंगळवायला सांगा आणि दुसऱ्या पायाच्या टाचेनं तो मागे ओढा. हुकरची कसरत लगेच कळेल! स्क्रमची रेटारेटी मात्र प्रशिक्षकांशिवाय करायची नाही, बरं का!