जुलाब थांबले तरी दोन दिवस घरीच

नोरोव्हायरसचा जोर एक ते तीन दिवसांचा. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. मग माणूस उठतो, आंघोळ करतो आणि कामाला लागतो. तो हॉटेलात कणीक मळणारा किंवा शाळेत खिचडी वाढणारा असेल, तर खरा धोका इथे सुरू होतो.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी स्वयंसेवकांना हा विषाणू देऊन केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. लागण झालेल्या १६ जणांपैकी ११ जणांनाच उलट्या-जुलाब झाले, तेही दिवस-दोन दिवस. शौचातून विषाणू पडणे मात्र साधारण चार आठवडे चालले; कमाल ५६ दिवस. ऐन भरात एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू होते आणि बऱ्याच जणांत हा भर त्रास ओसरल्यावर आला. दुसऱ्याला लागण व्हायला यातले अगदी थोडे पुरतात.

विषाणूंच्या संख्येचा आजाराशी संबंधच नाही, असे नव्हे. हाँगकाँगमधील रुग्णांच्या २००७ च्या अभ्यासात, ज्यांच्या विष्ठेत विषाणू जास्त त्यांचे जुलाब लांबले. पण पोट शांत म्हणजे विषाणू संपले, हा हिशेब चुकीचा आहे.

केरळमध्ये वायनाडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नोव्हेंबर २०२१ मध्ये १३ विद्यार्थ्यांना ही लागण झाली. महाराष्ट्रातही वसतिगृहे, आश्रमशाळा, लग्नाचे मांडव अशा ठिकाणी एकाच स्वयंपाकघरातून शेकडो ताटे वाढली जातात.

लक्षणे थांबल्यावरही किमान ४८ तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. भारतातील अन्नसुरक्षेचे नियमही आजारी माणसाला अन्न हाताळू देत नाहीत. पण खाडा पडला की मजुरी कापली जाते, तिथे रोजंदारीवरचा आचारी दुखणे सांगेल कशाला? दोष त्याचा नाही. हे दोन दिवस मालकाने, केटररने आणि शाळांना आहार पुरवणाऱ्या यंत्रणेने भरपगारी दिलेच पाहिजेत.

त्यानंतरही विषाणू पडतच असतो, तेव्हा भिस्त हात धुण्यावर. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला नोरोव्हायरस फारशी दाद देत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते. स्वयंपाकघर तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने शौचालयाबाहेरच्या नळाला पाणी आहे का, तिथे साबण आहे का आणि हजेरीपटावर आजारपणाची पगारी रजा कोणाला मिळाली आहे का, या तिन्ही गोष्टींची नोंद आपल्या अहवालात करावी.