पाळण्यांतले पाय आणि चाहत्यांचीं भाकितें

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, असें आपल्याकडे म्हणतात. आणि म्हणणाऱ्यास ते तसे दिसतहि असतील. परंतु त्या पायांवरून मूल पुढें कोणत्या वाटेनें चालेल, हें सांगणाऱ्याचें भाकीत किती वेळां खरें ठरतें, याची नोंद मात्र कोणी ठेवीत नाहीं. अमेरिकेंत अशी नोंद राहिलेला एक प्रकार आहे. खेळाची आवड असणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस तो जाणून घेण्याजोगा वाटेल, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. तेथील व्यावसायिक फुटबॉलचे संघ दर वर्षीं एप्रिलच्या सुमारास विद्यापीठांतून बाहेर पडणारे तरुण खेळाडू पाळीपाळीनें निवडून घेतात. या निवडीस ‘ड्राफ्ट’ म्हणतात. ती व्हावयाच्या आधीं कित्येक आठवडे प्रत्येक संघाचे चाहते, ‘आमचा संघ पहिल्या फेरींत अमक्यास घेईल, दुसरींत तमक्यास घेईल,’ अशा याद्या करण्यांत गढून गेलेले असतात.

प्रथम एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानावरील पायानें मारावयाचा चेंडू नव्हे. लांबट चेंडू हातीं घेऊन धांवण्याचा, फेंकण्याचा व समोरच्यास अडविण्याचा तो खेळ आहे. तसेंच ड्राफ्ट म्हणजे क्रिकेटच्या आयपीएलमध्यें आपण पाहतों तसला लिलावहि नव्हे. येथें बोली लागत नाहीं. नॅशनल फुटबॉल लीगमध्यें ३२ संघ आहेत. मागील हंगामांत जो सर्वांच्या तळाशीं राहिला त्यास पहिल्यानें निवडण्याचा मान, आणि जो अजिंक्य ठरला त्याची पाळी शेवटीं. अशा सात फेऱ्या होतात व अडीचशेंच्या वर खेळाडू घेतले जातात. पाळ्यांची अदलाबदलहि संघ आपसांत करतात, आणि भाकितें करणारांची निम्मी त्रेधा तेथेंच उडते.

ही पद्धत फिलाडेल्फिया शहराच्या ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांनीं १९३५ सालीं सुचविली. उत्तम खेळाडू श्रीमंत व यशस्वी संघांकडेच जात आणि दुबळे अधिकच दुबळे होत. तें थांबावें हा त्यांचा हेतु. या हेतूंत परमार्थाइतकाच स्वार्थहि होता असें म्हणावयास हरकत नाहीं, कारण त्या सालीं तळाशीं राहिलेला संघ त्यांचाच होता! पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं फिलाडेल्फियांतल्याच एका हॉटेलांत झाला. नऊ संघांनीं नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. पहिली पाळी अर्थात् बेल यांची. त्यांनीं शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर हा नामांकित खेळाडू घेतला. पण पैशाचें जमेना, म्हणून त्याच्यावरचा हक्क शिकागो बेअर्स या संघास दिला. तेथेंहि जमलें नाहीं, आणि हा सर्वांत प्रथम निवडलेला खेळाडू व्यावसायिक फुटबॉलचा एकहि सामना खेळला नाहीं. म्हैस पाण्यांत आणि मोल बाहेर, तशांतला प्रकार झाला.

चाहत्याची यादी म्हणजे निव्वळ मनोराज्य, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. चांगला चाहता प्रथम आपल्याच संघाची झडती घेतो. कोणाचें वय झालें, कोणाचा करार संपत आला, कोणाचा दुखावलेला गुडघा पूर्ववत् होणार नाहीं, हें तो जागेगणिक मांडतो. मग आपल्या आधीं ज्यांची पाळी आहे त्या संघांची गरज पाहतो. कारण आपणांस हवा असलेला खेळाडू आपल्या पाळीपर्यंत उरला तर पाहिजे. पुढें इंडियानापोलिस येथें या तरुणांची जी परीक्षा होते तिचे आंकडे येतात: ४० यार्ड किती सेकंदांत धांवला, उडी किती उंच मारली, २२५ पौंडांचें वजन किती वेळां उचललें. शेवटीं, संघाचे चालक गरजेकडे पाहून निवडतात, कीं गरज असो वा नसो, उरलेल्यांतला सर्वोत्तम उचलतात, या त्यांच्या संवयीचाहि विचार करावा लागतो. बाल्टिमोरचे मेल कायपर हे गृहस्थ तरुणपणीं घरच्या घरीं अशीं टिपणें तयार करून विकीत; १९८४ सालापासून ते दूरचित्रवाणीवर दिसूं लागले आणि या विद्येचे आचार्य होऊन बसले. २०२४ सालीं डेट्रॉइट येथें तर या ड्राफ्टसाठीं तीन दिवसांत सात लाखांहून अधिक लोक लोटले, आणि तेंहि जेथें चेंडूचा खेळ नाहीं, नुसतीं नांवें पुकारलीं जातात अशा ठिकाणीं!

या सर्वांस रिकामटेकडेपणा म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. ज्यावर आपलें प्रेम त्याचींच व्यंगें कागदावर मांडणें सोपें नसतें, आणि हा चाहता तें दर वर्षीं स्वखुशीनें करतो. शाळेंतील कितीएक निबंधांत इतका अभ्यास दिसत नाहीं. आमची तक्रार आहे ती पुढच्या पायरीविषयीं. भाकीत करतां करतां त्याचें मागणें होतें, आणि मागणें पुरें न झालें कीं राग निघतो तो निवडल्या गेलेल्या पोरावर.

फिलाडेल्फियाचेंच उदाहरण घ्या. १९९८ च्या हंगामांत ईगल्स संघानें १६ पैकीं अवघे ३ सामने जिंकले, आणि १९९९ च्या ड्राफ्टांत त्याची पाळी दुसरी आली. पुष्कळ चाहत्यांना हवा होता टेक्सास विद्यापीठाचा रिकी विल्यम्स. चेंडू घेऊन धांवण्यांत त्याची मोठी ख्याति झाली होती. फिलाडेल्फियाहून सुमारें तीस चाहते मुद्दाम न्यूयॉर्कला गेले. पुकारा झाला तो सिरॅक्यूज विद्यापीठाच्या डोनोव्हन मॅक्नॅबचा. बावीस वर्षांचा तो तरुण आपल्या आयुष्यांतील मोठा दिवस म्हणून मंचावर आला, आणि ज्या संघासाठीं तो खेळणार त्याच संघाच्या चाहत्यांनीं त्याची हुर्यो उडविली. त्या संघासाठीं त्यानें अद्याप एक चेंडूहि फेंकला नव्हता. त्याचा अपराध एवढाच कीं, तो त्यांच्या मनांतला नव्हता.

पुढें काय झालें तें नोंदलेलें आहे. मॅक्नॅब हा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालविणारा व चेंडू फेंकणारा. त्याच्या वेळीं ईगल्स पांचदां उपान्त्य सामन्यापर्यंत पोंचले, आणि त्यांतून फेब्रुवारी २००५ मध्यें खुद्द अंतिम सामना खेळले. तो अवघ्या तीन गुणांनीं गेला. २०१३ सालीं, त्याच्या पाठीवरचा ५ हा अंक पुन्हां कोणास द्यावयाचा नाहीं असें ठरवून संघानें त्याचा गौरव केला. विल्यम्सहि कमी नव्हता: २००२ सालीं साऱ्या लीगमध्यें सर्वाधिक यार्ड धांवला तो तोच. पण त्याच्याकरितां न्यू ऑर्लिन्सच्या संघानें १९९९ मधील आपल्या सर्व पाळ्या व पुढील वर्षाच्या दोन पाळ्या देऊन टाकल्या होत्या, आणि त्या संघाकडे तो तीनच हंगाम राहिला.

संघ कोणास घेईल हें एक भाकीत. घेतलेला पुढें कसा निघेल हें दुसरें. या दोहोंची गल्लत होते, आणि सारा घोटाळा तेथें आहे. पहिलेंहि चुकतें: २०२५ सालीं शेडूर सँडर्स हा क्वार्टरबॅक पहिल्या फेरींत जाईल असें कितीएक जाणते सांगत होते, आणि तो गेला पांचव्या फेरींत, १४४ वा. दुसऱ्यापुढें तर जाणत्यांचीहि मति कुंठित होते. २००० सालीं मिशिगन विद्यापीठाच्या टॉम ब्रेडीस ४० यार्ड धांवण्यास ५.२८ सेकंद लागले. सहाव्या फेरीपर्यंत त्यास कोणी विचारलें नाहीं, आणि १९८ खेळाडू त्याच्या आधीं गेले. त्यानें पुढें सात अजिंक्यपदें मिळविलीं; २००५ चा मॅक्नॅबचा सामना जिंकला तोहि त्याच्याच संघानें. अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक ज्यांस २०१७ सालीं मिळालें ते रिचर्ड थेलर यांनीं केड मॅसी यांच्यासह या निवडींचा हिशेब मांडला आहे. एकाच जागेसाठीं लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकीं आधींचा अधिक सरस निघण्याचा संभव शेंकडा ५० हून फारसा अधिक नाहीं, असें त्यांस आढळलें. पगारी पारखी ठेवणाऱ्या संघांची ही गत. मग घरीं बसून यादी करणाऱ्यानें ती काळ्या दगडावरची रेघ समजावी काय?

कोणी म्हणेल, चाहता तिकिटाचे पैसे मोजतो, पावसांत व बर्फांत बसून सामने पाहतो. त्यास नापसंती दाखविण्याचा हक्क नाहीं काय? आहे, पण खेळ पाहिल्यावर आहे. निवडीच्या दिवशीं खेळाडूनें कांहींच केलेलें नसतें. आपण कोणत्या शहरीं जावें, कोणत्या संघांत खेळावें, हेंहि त्या दिवशीं त्याच्या हातीं नसतें. ज्यानें निवडलें त्यास जाब विचारावा. ज्यास निवडलें गेलें त्यास कसला? आमच्या पालकवर्गास हा प्रसंग अगदींच अनोळखी नसावा. मुलगा सातवींत असतांच तो डॉक्टर होणार अशी यादी घरांत तयार असते, आणि दहावीच्या निकालानंतर यादींत नसलेला विषय त्यानें मागितला कीं हुर्यो घरांतच होते. असो.

फिलाडेल्फियाकडे पुन्हां वळूं. २०२० सालीं ईगल्सपाशीं कार्सन वेंट्झ हा क्वार्टरबॅक होता, व त्याच्याशीं आदल्याच वर्षीं मोठा करार झाला होता. त्या जागेसाठीं आणखी कोणी लवकर घेतला जाईल, असें मानण्यास चाहत्यांस कांहींच कारण नव्हतें. तरी दुसऱ्याच फेरींत, ५३ वा, जेलन हर्ट्स हा क्वार्टरबॅक घेतला गेला, आणि पुष्कळांनीं कपाळास हात लावला. वेंट्झ २०२१ सालीं दुसऱ्या संघाकडे गेला. ९ फेब्रुवारी २०२५ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें ईगल्सनीं कॅन्सस सिटीच्या संघास ४० विरुद्ध २२ असें हरवून अजिंक्यपद मिळविलें, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू हर्ट्स ठरला. चेंडू फेंकतांना जी डावी बाजू त्यास स्वतःस दिसत नाहीं, तिच्या रक्षणास त्या दिवशीं जॉर्डन मायलाटा उभा होता. हा मूळचा सिडनीचा, रग्बी खेळणारा. २०१८ सालीं सातव्या फेरींत २३३ वा निवडला गेला, तोंवर तो अमेरिकन फुटबॉलचा एकहि सामना खेळला नव्हता.