संस्थानकालीन घर विकणे आहे, पण कुणाला?

'संस्थानकालीन दगडी घर विकणे आहे. संपूर्ण नूतनीकरण. सागवानी जिना, कमानी, महिरपी मूळच्याच. शांत, उच्चभ्रू, सुसंस्कृत वस्ती. फक्त फॅमिलीसाठी.'

अशा धाटणीचा मजकूर तुम्ही वाचला असेलच. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं घर, आतून नवं केलेलं, ही आज सगळीकडे महागात विकली जाणारी चीज आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९३०-४०च्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींना 'आर्ट डेको' म्हणून भाव येतो. २०१८मध्ये तर त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. आपल्या कोल्हापुरात आहेत ते जुने वाडे आणि बंगले. त्यांच्यासाठी आपला शब्द 'संस्थानकालीन'. १ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीचं ते सगळं संस्थानकालीन, आणि या एका शब्दानं घराची किंमत वाढते.

माझा आक्षेप त्या किमतीला नाही. आक्षेप असा आहे की, संस्थानकाळातला दगड आणि सागवान विकायला काढायचं, आणि त्या काळानं या शहराला लावलेली रीत मात्र राडारोड्याबरोबर ट्रॉलीत भरून बाहेर टाकायची, हा कुठला वारसा?

ही रीत काय होती ते पाहायला दसरा चौकात जावं. शाहू महाराजांनी १९०६मध्ये मुस्लिम समाजातल्या लोकांना बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, स्वतः तिचं अध्यक्षपद घेतलं आणि मुस्लिम बोर्डिंग उभं केलं. आज त्या चौकात उभं राहिलं की जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं चार पावलांच्या अंतरावर दिसतात. बोर्डिंगं जातवार वेगळी का, हा प्रश्न विचारणारे विचारतात आणि तो रास्तही आहे. पण राजानं मुसलमान पोरांची सोय गावकुसाबाहेर केली नाही, शहराच्या मध्यावर, बाकीच्यांच्या शेजारी केली, हे त्याच चौकात डोळ्यांनी दिसतं.

आता आजची रीत ऐका. मी शिवाजी पेठेत राहते, उर्दू आणि मराठी शिकवते. शाळेला जवळ पडेल असं घर शोधताना अशाच एका जाहिरातीवरून एजंटला फोन केला.

"आडनाव काय मॅडम?"

"इनामदार."

"वा! या की मग रविवारी, घर दाखवतो. पूर्ण नाव सांगा, लिहून घेतो."

पूर्ण नाव सांगितलं. पलीकडं दोन क्षण शांतता. मग, "मालकांना विचारून कळवतो."

कळवणं झालं नाही. जाहिरात मात्र सुरूच राहिली. आमच्या भागात पाटील, देसाई, इनामदार, जमादार ही आडनावं हिंदूंचीही असतात आणि मुसलमानांचीही. आडनावापर्यंत मी चालत होते. म्हणजे माझी नोकरी, माझं कर्ज फेडायचं बळ, माझं वागणं-बोलणं यातलं काहीच आड आलं नव्हतं. आड आलं ते आईवडिलांनी ठेवलेलं नाव.

मुंबई-पुण्यात या नकाराला शाकाहाराचा सोवळा पदर असतो. कोल्हापुरात तेवढीही सोय नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात रविवारी कुठल्या गल्लीतून मटणाचा वास येत नाही? म्हणून इथं 'व्हेज ओन्ली'च्या जागी 'फॅमिली', 'कल्चर', 'सुसंस्कृत वस्ती' असे शब्द वापरतात. मी भाषा शिकवते, म्हणून शब्दांचंच बोलते. जाहिरातीतली 'महिरप' अरबीतल्या 'मिहराब'वरून आली. 'कमान' आणि 'दरवाजा' फारसी. 'इमारत', 'मालक', 'किंमत', 'हक्क' अरबी. ज्या कागदावर शेवटी सही करायची तो 'दस्त'सुद्धा फारसी. हे सगळे शब्द शेकडो वर्षं मराठीच्या घरात नांदताहेत, त्यांना कुणी ना-हरकत दाखला मागितला नाही. महिरप चालते, दस्त चालतो, फक्त दस्तावर मुसलमान माणसाचं नाव चालत नाही.

आणि गंमत अशी की, हरकत कुणाचीच नसते. एजंट म्हणतो, "माझं काही नाही हो, मालकांचं आहे." मालक म्हणतात, "आम्ही तर पुण्याला मुलाकडं चाललोय, पण शेजारी काय म्हणतील?" शेजारी म्हणतात, "आमचं काही नाही, पण मालकांनीच विचार करायला हवा होता." ज्यांचं काहीच नाही अशा तिघांनी मिळून घातलेली ही बंदी आहे. त्यात घर सोडून निघालेला माणूस सगळ्यात पुढं असतो. मागं राहणाऱ्यांच्या शेजारी कोण यावं, हे त्यांना न विचारताच तो ठरवतो.

'घर माझं, कुणाला विकायचं ते मी ठरवीन,' असंही ऐकवलं जातं. कमी पैसे देणाऱ्याला नाही म्हणा, वेळेत पैसे न देणाऱ्याला नाही म्हणा. ते माझ्या वागण्याला दिलेलं उत्तर असेल. नुसत्या नावाला दिलेला नकार हा शिक्का आहे. आणि वर पुन्हा आम्हालाच विचारतात, 'तुम्ही लोक एकाच मोहल्ल्यात का गर्दी करता?' मोहल्ल्याबाहेरची दारं लावून घ्यायची आणि आत कोंडलेल्याला मिसळत नाही म्हणून बोल लावायचा! मुसलमानांना घरं मिळवताना येणाऱ्या या अडचणीची नोंद सच्चर समितीनं २००६मध्येच केली आहे.

पेठेत आमची भिंतीला भिंत लागून आहे. शेजारच्या घरातला कुकर कितीदा वाजला ते आम्हाला कळतं. इथल्या तालमींत मोहरमचे पंजे बसतात आणि हिंदू घरांतले लोक त्यांच्यापुढं हात जोडतात. सगळं गोड आहे असं नाही. ७ जून २०२३ला या शहरात झालेली दगडफेक आम्ही विसरलेलो नाही. पण भिंतीला भिंत लावून जे निभतं, ते मध्ये बाग, कंपाउंड आणि वॉचमन असलेल्या वस्तीत का निभत नाही?

कायदा इथं अर्धाच सोबत येतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला घर घेण्यापासून अडवलं तर १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. धर्मावरून नकार देणाऱ्या खासगी मालकाला रोखणारा असा थेट कायदा आपल्याकडं नाही. अमेरिकेनं तो १९६८मध्येच केला आणि अशा जाहिरातींनाही बंदी घातली. उलट आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासदत्व पारश्यांपुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. तरीही महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे पुरेशा कारणाशिवाय सोसायटीला सभासदत्व नाकारता येत नाही. नकार सकारण कळवावा लागतो, आणि तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. म्हणून फ्लॅट घेताना तोंडी 'बघू' ऐकून परत फिरू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी नकार देणं सोपं असतं. कागदावर सही करून तोच नकार द्यायला फार थोडे तयार होतील.

आमच्या लोकांनाही दोन शब्द. आपल्या मोहल्ल्यात बिरादरी विचारून खोली देणारे, दलित कुटुंबाला किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला 'नंतर बघू' म्हणणारे आहेत. त्यांना या विषयावर तक्रार करायचा अधिकार उरत नाही.

बाकी माझं मागणं एजंटाकडं नाही, मालकाकडंही नाही. ते त्या 'आमचं काही नाही' म्हणणाऱ्या शेजाऱ्याकडं आहे. उर्दूत शेजाऱ्याला 'हमसाया' म्हणतात, एकाच सावलीत राहणारा. तुमच्या गल्लीत एखादं जुनं घर विकायला निघेल तेव्हा मालकाला एक फोन करा आणि एवढंच सांगा, 'घेणारा मुसलमान असला तरी आम्हाला चालेल.' मालकाचा बहाणा तुमच्या नावावर उभा आहे. तो तुम्हीच काढून घेऊ शकता.