काळ-काम-वेगाचे गणित अडते ते भाषेपाशी

वाटूर (जि. जालना) : व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षांतील गणित आपल्या आवाक्याबाहेरचे, असा समज वाटूरसारख्या गावांतील पदवीधरांमध्ये सहज रुजतो. काळ, काम आणि वेगाच्या प्रश्नांपुरता तरी तो तपासून पाहायला हवा. या प्रश्नांना लागणारे गणित शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या शाळकरी मुलांनाही परिचित असते. मग पदवीधर तेथे का अडखळतो?

पहिले कारण वेळेचे. राज्याच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. २०२४च्या 'कॅट'मध्ये गणिताच्या २२ प्रश्नांना ४० मिनिटे होती. दुसरे कारण भाषेचे. दोन्ही प्रश्नपत्रिका इंग्रजीत असतात. 'तासाला', 'तासांत' आणि 'तासांनी' यांतील भेद मराठीत प्रत्यय सांगतो. इंग्रजीत तो एखाद्या छोट्या शब्दावर अवलंबून असतो आणि घाईत नेमका तोच निसटतो.

एक नेहमीचा सापळा पाहा. जालन्याहून वाटूरला जाताना वाहनाचा वेग ताशी ६० किलोमीटर आणि परतताना ४०, तर सरासरी वेग किती? चटकन सुचणारे उत्तर ५०. बरोबर उत्तर ४८. खरे अंतर काहीही असो, सोयीसाठी १२० किलोमीटर माना. जाण्यास दोन तास, येण्यास तीन; २४० किलोमीटरला पाच तास. कमी वेगाने अधिक काळ प्रवास होतो, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकते.

हौद व नळांचे गणितही असेच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) चार झरे एक हौद अनुक्रमे एक, अर्धा, एकतृतीयांश व एकषष्ठांश दिवसात भरतात. चारही एकदम सोडले, तर? येथे वेळांची बेरीज करून चालत नाही. दरांची करावी लागते. दिवसाला १, २, ३ व ६ हौद, म्हणजे एकूण १२. अर्थात एक हौद दिवसाच्या बाराव्या भागात भरतो. आजच्या प्रश्नांची रीतही हीच आहे.

गुणदानाचे नियमही ध्यानात घ्यावे लागतात. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडणे तोट्याचे. 'कॅट'मध्ये बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात, तर पर्यायी प्रश्न चुकल्यास एक गुण जातो. तेथे '५०'चा मोह महागात पडतो.

प्रश्नपत्रिका मराठीतही द्यावी, ही मागणी अन्याय्य म्हणता येणार नाही. मात्र पुढील शिक्षण बहुतांशी इंग्रजीतच असल्याने केवळ तेवढ्याने अडचण मिटणार नाही. ग्रामीण महाविद्यालयांनी पदवीच्या पहिल्या वर्षापासून आठवड्याला दोन तास इंग्रजी शाब्दिक उदाहरणांच्या वाचनाला दिले, तर त्यासाठी शहरातील महागड्या शिकवणीची गरज उरणार नाही. सूत्रे विद्यार्थ्यांजवळ आहेत. प्रश्न समजून घेण्याचा सराव त्यांना मिळायला हवा.