पायाखालचा रंग

घरातील लाकडी जमिनीला कोणता रंग द्यावा, हा प्रश्न साहित्यचर्चेच्या पानावर आणणे काही वाचकांना औचित्यभंग वाटेल. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न मुळात औचित्याचाच आहे, आणि तो सोडवताना आम्ही ज्या चुका केल्या त्या साहित्य वाचताना आणि शिकवतानाही सर्रास होतात.

प्रसंग घडला तो असा. पुण्यातील आमच्या घराची जुनी मोझॅकची फरशी जागोजाग खचली होती. पाडल्या गेलेल्या एका वाड्याच्या माडीचे सागवान विकत मिळाले आणि त्याच्या फळ्या बैठकीच्या खोलीत बसवायचे ठरले. सुतारांनी रंधा मारताच कित्येक वर्षांच्या धुरामळाखालून मधाच्या रंगाचे लाकूड वर आले. मग पॉलिशचे काम करणाऱ्या गृहस्थांनी नमुन्यांची पुस्तिका आमच्या हाती दिली. तीत वॉलनट होते, चेरी होते, ओक होते, वेंगे होते; सागवान तेवढे नव्हते. म्हणजे अस्सल सागवान घ्यायचे आणि त्यावर स्टेन चढवून ते परदेशी अक्रोडाचे असल्याचे भासवायचे. अनुवाद मूळ म्हणून खपवणाऱ्यांची आपण निंदा करतो. येथे मूळ कृतीच अनुवाद म्हणून खपवण्याची सोय होती.

हे कळत असूनही आम्ही भुललो, आणि तेही सर्वांत काळपट वॉलनटला. त्याला कारण आमचे वाचन. जुनिचिरो तानिझाकी यांचा सावल्यांची महती गाणारा, १९३३ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेला निबंध आमच्या विशेष आवडीचा. अंधाऱ्या कोपऱ्यांचे, काळसर लाकडाचे, लाखकामाचे सौंदर्य त्यात वाचले आणि आपल्या खोलीतही तसेच काही उतरावे असे वाटू लागले. पारंपरिक जपानी बैठकीत पायाखाली गवती तातामी असते, आणि ती फिकट असते, हे आम्ही सोयिस्करपणे विसरलो. तेथील सावल्या त्या फिकट जमिनीच्या आधाराने उभ्या असतात. संदर्भ सोडून वाक्य उचलणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण गुण कापतो. आमचे कोणी कापावेत?

रंग एकटा कधीच नसतो, ही गोष्ट शास्त्राने फार पूर्वी दाखवून दिली आहे. मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख झाले. तेथे काळ्या रंगाबद्दल तक्रारी येत की तो पुरेसा गडद दिसत नाही. शेव्रल यांनी शोध घेतला तेव्हा आढळले की काही वेळा दोष रंगात नसून शेजारच्या रंगांत आहे. निळ्या-जांभळ्या धाग्यांजवळ तोच काळा दुबळा भासतो. या विचारातून त्यांचा रंगांच्या परस्परविरोधावरील ग्रंथ १८३९ मध्ये सिद्ध झाला. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो, हे आपण वर्गात शिकवतोच. दुकानातल्या वीतभर तुकड्यावरून खोलीचा रंग ठरवणे म्हणजे शब्दकोश पाहून कवितेचा अर्थ लावणे होय. नमुना आपल्याच घरात, आपल्याच भिंतीशी, जमिनीवर आडवा ठेवून सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीनंतर पाहिला पाहिजे. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तांबूस वाटणारे लाकूड ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली करडे, निस्तेज दिसू लागते.

दुसरी बाब काळाची. लाकडाचा रंग ही स्थिर वस्तू नव्हे. चेरी उजेडाने गडद होत जाते. अमेरिकी वॉलनट उलट फिकट होते. ताज्या सागवानातले रंगाचे पट्टे काही महिन्यांत एकमेकांत मिसळून सोनेरी तपकिरी होतात. तेव्हा निवड करायची ती आजच्या छटेची नव्हे, तर दहा वर्षांनी येणाऱ्या छटेची. शिवाय फार गडद जमिनीवर धूळ आणि ओरखडे चटकन दिसतात, फार फिकट जमिनीवर डाग. मधल्या रंगाला रसिकांत प्रतिष्ठा नसते. परंतु घरातील वावर तोच निमूटपणे सोसतो.

इतके सारे ठाऊक असूनही आमचा निर्णय बदलला तो निराळ्याच कारणाने. वॉलनटचा स्टेन दिलेली, चकचकीत पॉलिश केलेली चार हात लांब फळी आम्ही खोलीच्या मध्यावर ठेवली होती. मातोश्रींचे वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी मंदावलेली. त्या दारातून आल्या, फळीपाशी थबकल्या, पायाने चाचपू लागल्या आणि म्हणाल्या, “इथं खड्डा का रे ठेवलायत? आणि पाणी कुणी सांडलं?” गडद रंग त्यांना खोल भासला, त्यावरची चमक ओल वाटली. आम्ही ज्यास सावलीचे सौंदर्य म्हणत होतो, ते त्यांच्या लेखी पडण्याचे भय होते.

स्टेन रद्द झाला. सागवानाला त्याचाच रंग ठेवून वर फक्त चमक नसलेला थर दिला. पण पेच संपला नाही. आमची जुनी खुर्ची आणि दिवाणही सागवानाचेच. नव्या जमिनीवर ते दिसेनासे झाले. पाहुण्यांनी ‘काय जुळून आलंय!’ म्हणून वाखाणणी केली आणि मातोश्री खुर्चीची कड हाताने शोधू लागल्या. सर्व काही एका रंगाचे असणे म्हणजे मेळ नव्हे, हे तेव्हा उमगले. मेळासाठी नाते लागते तसे अंतरही लागते. खुर्चीवर गडद निळी गादी आली, दिवाणावर तशीच चादर. भिंत फिकट ठेवली, म्हणजे जमीन कोठे संपते ते स्पष्ट दिसावे.

अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. आपल्याकडे औचित्य म्हणजे शिष्टसंमत नीटनेटकेपणा, असा त्याचा अर्थ संकुचित झाला आहे. आमच्या मते औचित्याचा खरा प्रश्न असा: हे कोणासाठी, कोणत्या जागी, कोणत्या उजेडात? ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून हा प्रश्न टाळता येतो, आणि स्वतःच्या आवडीवर जगण्याचा अधिकार आम्हांस मान्यच आहे. परंतु जमिनीवरून केवळ निवडणारा चालत नाही. पुस्तकाची निवड चुकली तर ते मिटता येते. ही चूक घरातल्या सर्वांत दुबळ्या पावलाला रोज भोगावी लागते.

असो. तानिझाकी आमच्या कपाटात पूर्वीच्याच जागी आहेत. मातोश्री आता दारापासून खुर्चीपर्यंत भिंतीला हात न लावता जातात.